डिक्लेरेटिव्ह भाषा नेमकी कशाला म्हणायची?

तर्कवेल (प्रश्न)

"काय हवं ते सांगा, कसं करायचं ते सांगू नका" ही डिक्लेरेटिव्ह भाषेची व्याख्या जिथे तिथे वाचायला मिळते, पण वापरायला गेलं की ती टिकत नाही. सी भाषेत तयार सॉर्ट फंक्शन बोलावलं तरी 'कसं' ते मी सांगत नाहीच. मग सीसुद्धा डिक्लेरेटिव्ह का? उलट प्रोलॉग या तर्काच्या नियमांवर चालणाऱ्या भाषेला सगळे डिक्लेरेटिव्ह म्हणतात आणि तिथे दोन ओळींची अदलाबदल केली की प्रोग्राम संपतच नाही. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), प्रोलॉग, टेराफॉर्म, अ‍ॅन्सिबल (दोन्ही सर्व्हर उभारायची-मांडायची साधनं), मेकफाइल (प्रोग्राम बांधायच्या सूचना), सीएसएस (वेबपानाची सजावट), रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात शोधायचा नमुना) या सगळ्यांना लावता येईल अशी एखादी कसोटी आहे का? आणि वेबपानाचा मजकूर मांडणाऱ्या एचटीएमएलचं काय करायचं?

निळा_कर्सर

आहे. दोन गोष्टी तपासा. लिहिलेल्या ओळींचा क्रम बदलला तर अर्थ बदलतो का? आणि तो मजकूर चालवणाऱ्या यंत्रणेला मार्ग निवडायची मोकळीक खरोखर आहे का? तुमचं सॉर्ट फंक्शन इथेच गळतं. आतला तपशील झाकलेला असला तरी ते कधी चालायचं हे तुमच्या ओळींच्या क्रमानेच ठरतं.

एसक्यूएलमध्ये ही मोकळीक भरपूर आहे. पाच टेबलांचा साधा इनर जॉइन (जुळणाऱ्या ओळींची जोडणी) कोणत्याही क्रमाने लिहा, प्लॅनर (डेटाबेसचा मार्ग ठरवणारा भाग) आकडेवारी बघून जोडणीची पद्धत नेस्टेड लूप, हॅश की मर्ज ते ठरवतो. इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) टाकला की क्वेरीला हात न लावता मार्ग बदलतो. एक्स्प्लेन ही आज्ञा चालवून ते बघता येतं. पण या मोकळिकीची किंमत अनेकांच्या लक्षात येत नाही. हे बघा:

व्हेअर नग <> ० अँड रक्कम / नग > १०

डावी अट आधी तपासली जाईल असं गृहीत धरलं तर एखाद्या दिवशी शून्याने भागाकाराची एरर येते, कारण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अटींच्या क्रमाची हमी नाही. क्रम हवाच असेल तर केस वापरा: केस व्हेन नग <> ० देन रक्कम / नग > १० एल्स फॉल्स एंड.

एकाच भाषेची दोन रूपंही वेगळी निघतात. 'अपडेट त सेट अ = ब, ब = अ' ('त' हे टेबलाचं नाव) हे प्रमाण एसक्यूएलमध्ये दोन्ही किमतींची अदलाबदल करतं. मायएसक्यूएल (आणखी एक डेटाबेस) मात्र एका टेबलाच्या अपडेटमध्ये नेमणुका साधारणपणे डावीकडून उजवीकडे करतं, त्यामुळे दोन्हीकडे जुना ब उरतो. तेवढ्या ओळीपुरतं ते इम्परेटिव्हच (पायरीपायरीने हुकूम देणारं) आहे.

पूर्णविराम

प्रोलॉगबद्दल. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडतं: अल्गोरिदम म्हणजे लॉजिक अधिक कंट्रोल. खालच्या नियमांत फक्त लॉजिक बघा (मांडणी समजण्यापुरती; ':-' म्हणजे 'जर', कडा म्हणजे ग्राफमधल्या दोन शिरोबिंदूंमधला थेट दुवा):

मार्ग(क, ख) :- कडा(क, ख).
मार्ग(क, ख) :- मार्ग(क, ग), कडा(ग, ख).

तर्काच्या दृष्टीने यात काहीही चूक नाही. पण प्रोलॉग नियम वरून खाली घेतं आणि एकेका फांदीत खोल शिरत जातं. म्हणून आधी काही उत्तरं मिळतात आणि पुढची मागितली की ते अनंत फेऱ्यात अडकतं. दुसरा नियम वर नेला तर पहिलं उत्तरही येत नाही. कडा(क, ग) आधी ठेवून डावं रिकर्शन (नियमाने सुरुवातीलाच स्वतःला बोलावणं) टाळलं, तरी ग्राफमध्ये चक्र असेल तर तोच प्रकार.

हेच दोन नियम डेटालॉग या प्रोलॉगसारख्याच पण साध्या भाषेला द्या. ते माहीत असलेल्या कडांपासून सुरुवात करून नवे मार्ग काढत जातं आणि नवं काही निघेनासं झालं की थांबतं. न शिरोबिंदू असतील तर मार्ग जास्तीत जास्त न × न, त्यामुळे ते थांबणारच. एसडब्ल्यूआय प्रोलॉगमध्ये वर ':- टेबल मार्ग/२.' लिहिलं की टेबलिंग (मिळालेली उत्तरं लक्षात ठेवणं) सुरू होतं आणि असाच फायदा मिळतो. तेव्हा डेटालॉग पूर्ण डिक्लेरेटिव्ह; प्रोलॉगचं लॉजिक डिक्लेरेटिव्ह, कंट्रोल तुमच्या माथी. त्यात कट (उरलेले पर्याय तोडणारी आज्ञा) आला, किंवा किंमत न मिळालेल्या व्हेरिएबलवर 'नॉट' लावला, की लॉजिकही क्रमावर अवलंबून राहतं.

रिकामी_ओळ

टेराफॉर्म आणि अ‍ॅन्सिबल एकाच रांगेत बसवू नका. टेराफॉर्म फाइलमधले ब्लॉक कुठेही हलवा, ते संदर्भांवरून ग्राफ बांधतं. ब्लॉक पुसला तर पुढच्या अप्लायमध्ये (बदल लागू करताना) ते रिसोर्स, म्हणजे उभारलेला सर्व्हर वगैरे, नष्ट होतं. अ‍ॅन्सिबलची कामं वरून खाली चालतात, आणि पॅकेज बसवणारं काम प्लेबुकमधून (कामांच्या यादीतून) पुसलं तरी पॅकेज यंत्रावर तसंच राहतं. काढायचं तर 'स्टेट: अ‍ॅब्सेंट' लिहावं लागतं. एकेक मॉड्यूल पुन्हा चालवायला सुरक्षित असतं, पण तो वेगळा गुण आहे.

मेकफाइलमध्ये अवलंबनं डिक्लेरेटिव्ह, त्यांखालच्या आज्ञा साध्या शेलच्या. एखादं अवलंबन लिहायचं राहिलं तर एकामागून एक चालवताना बिल्ड योगायोगाने पार पडतं. मेक -जे८ (एका वेळी आठ कामं) दिलं की कधी फुटतं, कधी नाही. टेराफॉर्मही मूळ सेटिंगमध्ये एका वेळी दहापर्यंत कामं करतं, तिथे 'डिपेंड्स ऑन' (अवलंबन सांगणारी ओळ) राहिलं तर दुखणं तेच.

तर्कवेल

पण सीएसएसमध्ये स्पेसिफिसिटी (नियम किती नेमका आहे ते) सारखी असेल तर नंतरचा नियम जिंकतो. क्रम बदलला की अर्थ बदलला. मग तेही बाद?

निळा_कर्सर

नाही, आणि माझी कसोटी इथे नेमकी करायला हवी. सीएसएसमधला क्रम म्हणजे प्राधान्य, काळ नव्हे. आधी एक रंग लावून मग दुसरा लावला असं काही घडत नाही. एचटीएमएलमधल्या परिच्छेदांचा क्रमही तसाच, तो मजकुराचाच भाग. 'आधी हे कर, मग ते' असा क्रम असेल तरच भाषा या कसोटीला उतरत नाही. एचटीएमएल प्रोग्रामिंग भाषा नाही, पण डिक्लेरेटिव्ह नक्कीच आहे. ट्युरिंग-पूर्णता (कोणतंही गणन करता येण्याची क्षमता) हा वेगळा प्रश्न. शुद्ध डेटालॉगही ट्युरिंग-पूर्ण नाही.

पूर्णविराम

रेग्युलर एक्स्प्रेशन राहिलं. 'क|कख' ('|' म्हणजे 'किंवा') हा पॅटर्न 'कख' वर लावा: पर्ल भाषेच्या धर्तीचं इंजिन डावा पर्याय आधी घेऊन 'क' देतं, पॉझिक्स या प्रमाणाच्या नियमाने सर्वांत लांब जुळणी, म्हणजे 'कख' मिळते. पहिल्या प्रकारात '(क+)+ख' ('+' म्हणजे एक किंवा अधिक वेळा) हा पॅटर्न तीसेक 'क' असलेल्या आणि 'ख' नसलेल्या मजकुरावर लावला तर प्रत्येक वाढीव 'क' मागे वेळ साधारण दुप्पट होऊ शकतो. आरई२ सारखी ऑटोमॅटावर (मागे न फिरता अवस्था बदलत जाणाऱ्या यंत्रावर) चालणारी इंजिनं हे टाळतात, त्यासाठी बॅकरेफरन्स (आधी जुळलेला तुकडा पुन्हा मागणं) सोडून देतात. बाहेरून आलेला पॅटर्न चालवायचा असेल तर असंच इंजिन घ्या.