मदत हवी आहे: केशवराव भोसलेंच्या लेखातला फोटो उडणार, आणि चौकटही बिघडलीय

करवीरकर_१८
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. विकिपीडियावर संगीतसूर्य केशवराव भोसलेंच्या लेखात मी फोटो टाकला तर त्यावर साचा (सूचनेची पाटी) लागलाय, ७ दिवसांत माहिती दिली नाही तर फोटो काढणार म्हणे. एवढा जुना फोटो, त्यावर कसला आलाय कॉपीराइट? आणि फोटो टाकल्यापासून लेखातली माहितीची चौकट पार बिघडलीय, चौकोनी कंस दिसतायत, खालचा एक परिच्छेद करड्या डब्यात गेलाय आणि त्याची ओळ स्क्रीनच्या बाहेर पळते, मोबाइलवर तर वाचताच येत नाही. ९ ऑगस्टला जयंती आहे, त्याआधी लेख नीट दिसायला हवा. पटकन सांगा कुणीतरी.

खोडरबर
कुठला फोटो, कुठून घेतला, कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामायिक फोटोसाठ्यात) चढवलाय का, आणि चढवताना काय निवडलं? साचा "स्रोत नाही"चा आहे की "परवानगी नाही"चा, तेही सांगा, दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. चौकटीचा कोड इथे चिकटवा, त्याशिवाय नुसता अंदाज बांधत बसावं लागेल.

मीनल_ठाणे
परवानगीचा मेल हा एकच खात्रीचा मार्ग आहे. मी एका दिवंगत लेखिकेच्या मुलाकडून असा मेल पाठवून घेतला होता, आपला फोटो मुक्त परवान्याखाली देतोय असं त्यांनी स्पष्ट लिहून दिलं आणि काम झालं. तुम्ही भोसले कुटुंबातल्या कुणाला तरी गाठा, कोल्हापुरात सापडतील.

खोडरबर
मीनलताई, फोटोत जो माणूस आहे त्याच्या वारसांकडे हक्क असतोच असं नाही. हक्क फोटो काढणाऱ्याचा असतो.

मीनल_ठाणे
सरसकट तसंही नाही. पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल तर काढवून घेणारा पहिला मालक, कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. तेव्हाचे नट स्टुडिओत जाऊन पैसे मोजूनच फोटो काढत होते.

खोडरबर
मान्य. पण मुदतच संपली असेल तर मालक कोण हा प्रश्नच उरत नाही. आधी मूळ धागाकर्त्याला बोलू द्या.

करवीरकर_१८
कॉमन्सवरच टाकलाय. आजोबांच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकातून स्कॅन केला. "स्वतःचं काम" निवडलं कारण स्कॅन मी केलं, पानावरचे डाग मी काढले, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. साचा "स्रोत नाही"चा आहे. कोड हा असा:

| नाव = केशवराव भोसले
| चित्र = [[चित्र:केशवराव भोसले.jpg|इवलेसे|२५०px]]

बंदिश_आणि_चहा
इंग्रजी विकिपीडियावर फेअर यूज (परवानगीशिवाय मर्यादित वापर) चालतं की, दिवंगत व्यक्तीचा एक लहान आकाराचा फोटो ठेवू देतात. तेच कारण लिहून टाका.

खोडरबर
कॉमन्सवर फेअर यूज अजिबात चालत नाही. तिथे मुक्त परवाना हवा, नाहीतर सार्वजनिक अधिक्षेत्र, म्हणजे कॉपीराइट संपलेला हवा. आणि इथे त्याची गरजच नाही, फोटो सरळसरळ बसतोय.

करवीरकर, नीट बघा. "स्वतःचं काम" म्हणजे फोटो तुम्ही काढला. स्कॅन करून डाग पुसले म्हणून नवा हक्क तयार होत नाही, मेहनत कितीही असो. इस्टर्न बुक कंपनीच्या २००७ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हेच म्हटलंय की नुसत्या कष्टावर कॉपीराइट मिळत नाही, थोडीतरी सर्जकता लागते. म्हणून ते "स्वतःचं काम" काढा, लेखक "अज्ञात छायाचित्रकार" लिहा, स्रोतात पुस्तकाचं नाव, प्रकाशक, सन आणि पान लिहा. सन काय आहे पुस्तकावर?

करवीरकर_१८
पहिली दोन पानं फाटलीत हो. पण फोटो जुना आहे हे बघूनच कळतं.

खोडरबर
जुना दिसतो हा पुरावा होत नाही. पण तुमच्या बाजूनं एक भक्कम गोष्ट आहे: केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ ला गेले. बालगंधर्वांबरोबरचा तो संयुक्त मानापमानचा प्रयोग त्याच वर्षी ८ जुलैला झाला. म्हणजे फोटो कुठलाही असला तरी १९२१ नंतरचा असूच शकत नाही. १९५८ च्या आधीच्या भारतीय फोटोंसाठी कॉमन्सवर वेगळा साचा आहे, त्यात जुन्या कायद्याप्रमाणे निगेटिव्हपासून ५० वर्षं धरतात. तो लावा.

मीनल_ठाणे
पण १९५७ च्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत फोटोला प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती. पुस्तक १९६५ चं निघालं आणि फोटो त्यातच पहिल्यांदा छापला गेला असेल तर? शिवाय कॉमन्सचे सर्व्हर अमेरिकेत, त्यामुळे तिथल्या कायद्यासाठी १ जानेवारी १९९६ ला फोटो भारतात मुक्त होता का हेही बघतात. सन शोधाच. मागच्या पानावर मुद्रकाची ओळ असते बऱ्याचदा.

रंगपट_प्रेमी
केशवरावांचं नाव निघालं की कोल्हापुरातलं त्यांच्या नावाचं नाट्यगृह आठवून पोटात कालवतं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, पुढे केशवरावांचं नाव मिळालं, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, जयंतीच्या आदल्या दिवशी. लेखात जळण्याआधीचे आतले फोटो यायलाच पाहिजेत. ज्यांच्याकडे स्वतः काढलेले आहेत त्यांनी हार्ड डिस्कमध्ये ठेवू नका, चढवा. वर्तमानपत्रातला मात्र उचलू नका. आणि कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर, त्यांच्या चित्रांचं काय? ते १९५४ ला गेले, म्हणजे भारतात २०१५ पासून मोकळी ना?

मीनल_ठाणे
भारतात हो, मृत्यूनंतर ६० वर्षं. पण १९९६ ला मोकळी नव्हती, म्हणून कॉमन्सवर प्रत्येक चित्र कधी प्रसिद्ध झालं ते बघावं लागेल. त्यासाठी वेगळा धागा काढा.

सह्याद्री_फिरस्ता
कॉमन्सचं मोबाइल ॲप घ्या सगळ्यांनी, किल्ल्यावरून थेट फोटो चढतात, लोकेशनसकट. मी तर आता तेच वापरतो.

ओळीमागची_जागा
फॉरमॅटिंगचं कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. चौकटीत "चित्र =" समोर फक्त फाइलचं नाव टाकायचं, शब्द न् शब्द कॉमन्सवर आहे तसं. कंस, इवलेसे, आकार काही नको, कंस साचा स्वतःच लावतो, तुम्ही परत लावले म्हणून ते पानावर उघडे पडले. चौकटीबाहेर फोटो लावताना आकार द्यायचा तर आकडा इंग्रजी अंकात लिहा. देवनागरी अंक विकीला आकार म्हणून कळत नाहीत, मथळा समजून फोटोखाली छापतो. करड्या डब्याचं कारण: त्या परिच्छेदाच्या सुरुवातीला स्पेस असणार. ओळ स्पेसनं सुरू झाली की विकी ती जशीच्या तशी डब्यात घालतो आणि मोडत नाही. वर्डमधून चिकटवलं का? पहिल्या अक्षराच्या आधी कर्सर नेऊन बॅकस्पेस मारा. आणि जतन करण्याआधी झलक बघत जा.

करवीरकर_१८
स्पेसच होती! डबा गेला, कंस पण गेले. आणि मीनलताई, शेवटच्या पानावर मुद्रकाच्या नावाखाली १९३२ छापलंय.

मीनल_ठाणे
मग मिटलं. प्रसिद्धीपासून मोजलं तरी १९९२ अखेर संपतं, १९९६ च्या आधीच. मुद्रकाच्या त्या ओळीचाही स्कॅन काढून स्रोतात जोडा.

खोडरबर
आणि ज्यानं साचा लावला त्याच्या चर्चा पानावर दोन ओळी लिहा, काय बदललं ते. साचा स्वतः गुपचूप काढू नका, परत लागतो.

करवीरकर_१८
लिहिलं आत्ताच. रंगपट_प्रेमी, माझ्या मामांकडे नाट्यगृहाच्या आतले २०१९ चे फोटो आहेत, त्यांनीच काढलेले. ते त्यांच्याच खात्यातून चढवावे लागतील ना?

खोडरबर
हो, त्यांच्याच. खातं नसेल तर उघडून द्या.