टेक्ट्रॉनिक्स ७६०३ ऑसिलोस्कोप : टाइमबेस इंटर्नल ट्रिगर घेत नाही. दोष मॉड्यूलमध्ये की मेनफ्रेममध्ये?

राजेहो, जुन्या ॲनालॉग स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलची वेव्ह पडद्यावर दाखवणारं यंत्र) हात बसलेलं कोणी इथे असेल तर मदत पाहिजे.

७६०३ मेनफ्रेम (पडदा आणि तीन खण असलेला मूळ सांगाडा, मॉड्यूल त्यात सरकवायचे), डावीकडे सिग्नल घेणारा ७ए१८ ॲम्प्लिफायर, उजव्या खणात रेष आडवी धाववणारा ७बी५३ए टाइमबेस. एका कॉलेजच्या भंगारातून घेतलेला. मी दारव्हा तालुक्यात इन्व्हर्टर आणि मोटरपंपाच्या स्टार्टरचे बोर्ड दुरुस्त करतो. तेवढ्यासाठी १०० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे चैनच, पण पडदा मोठा आहे आणि रेष अजूनही बारीक येते, सोडवत नाही.

ऑटोवर स्वीप (रेषेची आडवी धाव) चालतो. ट्रिगरचा, म्हणजे वेव्ह दरवेळी एकाच जागेपासून सुरू करून उभी धरणाऱ्या इशाऱ्याचा, सोर्स इंटर्नलला (ॲम्प्लिफायरमधल्याच सिग्नलवर) ठेवला की वेव्ह सरकतच राहते. लेव्हलचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, काही फरक नाही. नॉर्मलवर टाकलं तर पडदा कोरा.

आता खरी मेख. सोर्स लाइनला (घरच्या विजेच्या ५० हर्ट्झवर) नेऊन छोट्या ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झ दिला की वेव्ह एकदम उभी राहते. २ मिलिसेकंदांवर दहा घरांत बरोबर एक सायकल बसते, म्हणजे टायमिंगही ठीक. स्कोपच्याच कॅलिब्रेटरचा १ किलोहर्ट्झ एकाच वेळी ७ए१८ ला आणि टाइमबेसच्या एक्स्टर्नल इनपुटला दिला, तरी पक्की उभी. त्यामुळे ट्रिगर जनरेटर आणि रॅम्प (स्वीप चालवणारा चढता व्होल्टेज) दोन्ही जिवंत आहेत असं मी धरतो. या काळातल्या टाइमबेसमध्ये ट्रिगरला टनेल डायोड (झटकन स्विच होणारा नाजूक डायोड) असतो म्हणून लोक आधी त्याच्यावरच घसरतात, पण तो गेला असता तर लाइनवरही जमलं नसतं. (आणि तो साध्या मीटरच्या ओहम रेंजवर तपासायला सांगू नका, चांगला असला तरी जायचा.)

७ए१८ डावीकडच्या दोन्ही खणांत लावून पाहिलं, मेनफ्रेमवरचा ट्रिगर सोर्सही त्याप्रमाणे बदलला. रड तीच. तिन्ही खणांचे आणि मॉड्यूलचे काठावरचे संपर्क आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसले.

ॲम्प्लिफायर ट्रिगरचा सिग्नल पडद्याच्या सिग्नलपेक्षा वेगळ्या संपर्कांवरून देतो, मेनफ्रेम त्यातला डावा-उजवा निवडून टाइमबेसकडे पाठवतो. म्हणून राहिल्या तीन जागा : मेनफ्रेममधलं हे निवडणारं सर्किट, ७बी५३ए मधला इंटर्नलचा इनपुट, नाहीतर ७ए१८ चाच ट्रिगरचा आउटपुट (दोन्ही खणांत तोच लावला, म्हणून तो सुटत नाही).

विचारायचं एवढंच : टाइमबेस काढून, उजव्या खणाच्या कनेक्टरवर हा ट्रिगर सिग्नल दुसऱ्या स्कोपने पाहता येतो का? की समोर मॉड्यूलचा लोड नसला तर वाचन फसवं येतं? माझ्याकडे दुसरा म्हणून हातातला छोटा डीएसओ (डिजिटल स्कोप) आहे. एक्स्टेंडर (मॉड्यूल खणाबाहेर ठेवून चालवायची जोडणी) नाही. बाहेरदेशातून दुसरा टाइमबेस मागवायचा तर मॉड्यूलपेक्षा पाठवणावळ जड, आणि दोष मेनफ्रेममध्येच निघाला तर सगळंच पाण्यात.

यवतमाळ, अमरावती, नागपूरकडे कोणाकडे ७००० सिरीजचा चालू मेनफ्रेम असेल तर सांगा. टाइमबेस पिशवीत घालून एसटीनं घेऊन येतो, तुमच्या खणात लावला की पाच मिनिटांत निकाल लागेल. मेनफ्रेमच आणा म्हणू नका फक्त, ते धूड एसटीत चढवणं माझ्याच्यानं होत नाही.