नको असलेले फोन आणि मेसेज: तुम्ही काय करता? अनुभव लिहा

गेल्या आषाढात आईचं रक्त तपासायला दिलं होतं. पोटॅशियम फार वाढलेलं निघालं, म्हणून लॅबवाल्यांनी मला तीनदा फोन केला. १:४०, १:५५ आणि ३:१०. तिन्ही वेळा मी कापला. सकाळपासून कर्ज, प्लॉट, क्रेडिट कार्ड असे सात फोन येऊन गेले होते, आणि हा नंबरही तसाच अनोळखी. शेवटी लॅबमधला मुलगा भर पावसात स्कूटर काढून आमच्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, घरापर्यंत आला, म्हणून आईला त्याच संध्याकाळी दाखल करता आलं. आता ती बरी आहे. पण फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. उचलावा तर जाहिरात, न उचलावा तर ती भीती.

तुम्ही यातून कसा मार्ग काढलात? कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, सविस्तर लिहा.
— फोंडा, गोवा

डिचोली, निवृत्त शिक्षक
ताई, आधी १९०९. त्या नंबरवर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून, जागा सोडून शून्य टाकून मेसेज करायचा. सगळ्या जाहिराती नको अशी नोंद होते. शून्याऐवजी दुसरा आकडा टाकून विषयवार निवडही करता येते. १ म्हणजे बँक-विमा, २ म्हणजे घरं-जमिनी, ३ शिक्षण, असं.

हे केल्यावर महिनाभर मी खूश होतो. मग फोन पुन्हा सुरू झाले आणि वाटलं, सगळं फोल. नीट बघितल्यावर उलगडा झाला. नोंदणी केलेले जाहिरातवाले १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून फोन करतात, ते थांबले होते. येत होते ते साध्या दहा आकडी नंबरावरून. ती माणसं नको म्हणणाऱ्यांची यादी बघतच नाहीत. त्यांच्यावर एकच उपाय, तक्रार. मेसेजचा मजकूर, स्वल्पविराम, पाठवणाऱ्याचा नंबर, स्वल्पविराम, तारीख असं लिहून १९०९ वरच पाठवायचं. फोन असेल तर कशाबद्दल होता ते एका ओळीत लिहायचं. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे, ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२५ साली नियम बदलून सात दिवस केले. एका नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, नुसतं ब्लॉक करू नका. ब्लॉक केल्याने तुमच्यापुरतं शांत होतं, तुमची तक्रार मात्र त्या पाचात मोजली जात नाही.

मी टेलिफोनशेजारी जुनी हजेरीची वही ठेवली आहे. तारीख, वेळ, नंबर, विषय. जून ते ऑगस्ट एकोणीस तक्रारी केल्या. दिवसाला पाच-सहा फोन यायचे, आता आठवड्याला दोन येतात.

म्हापसा, दुकानदार
मला भीती होती की नोंद केली तर गिऱ्हाइकांचे फोनही बंद होतील. गणेश चवथीच्या आधीचे दहा दिवस माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाची निम्मी मागणी अनोळखी नंबरावरूनच येते. तसं काही होत नाही, नोंद फक्त जाहिरातीपुरती असते. तरी मी बोर्डावरचा नंबर आणि घरचा नंबर वेगळा केला. तो खर्च फारसा जाणवला नाही.

डिचोली, निवृत्त शिक्षक
एक राहिलं. कपड्यांच्या एका दुकानात बिल करताना मी सहज नंबर सांगितला आणि फॉर्मवर सही केली. नोंद असूनही त्यांचे मेसेज येत राहिले, कारण ती सही म्हणजे माझी संमती धरली गेली. आता बिलाला नंबर देत नाही. आणि मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते बघा. पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी पैशांचा व्यवहार, जी सरकारी.

पेडणे
आमच्या तालुक्यातला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, त्याच्या आधीपासून आमच्याकडे एकच प्रश्न: “जमीन विकायची आहे का?” आजोबांच्या नावावरचं भाट, म्हणजे माडांची बाग, त्यात सतरा वाटेकरी, आणि फोन मात्र माझ्या मुलीला. ती बारावीत आहे. तिचा नंबर यांना कुणी दिला? याचा मला खरोखर संताप येतो. मास्तर, उद्यापासून मीही वही घालतो.

कुडचडे
सासऱ्यांना मेसेज आला, बिल भरलं नाही म्हणून आज रात्री वीज तोडणार, या नंबरावर बोला. साध्या मोबाइलवरून आलेला. त्यांनी फोन केला, समोरच्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं. नशिबाने मी तेव्हाच घरात शिरले आणि फोन बंद करून टाकला. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. गेले नसतील, नुसता संशय असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर संशयास्पद फोन-मेसेज कळवायची ‘चक्षू’ सोय आहे, तिथे नोंदवा. मी नोंदवलं.

मडगाव, विद्यार्थी
व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणीतरी शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये ओढायचं. सेटिंगमध्ये गोपनीयता, मग ग्रुप, तिथे ‘माझे संपर्क’ केलं. त्या दिवसापासून बंद.

साखळी
मी दोन वर्षं पणजीत बसून हे फोन केले आहेत. बापाचं काम सुटलं होतं, म्हणून. यादी संगणकावर तयार यायची, नंबर आपोआप लागायचा, आम्हाला फक्त बोलायचं असायचं. लोक शिव्या द्यायचे. कुणी म्हटलं “नंतर बघू”, की आम्ही ‘पुन्हा फोन करणे’ असा शेरा मारायचो आणि दोन दिवसांनी तोच नंबर परत समोर. म्हणून “नंतर” म्हणू नका. “नको, माझा नंबर काढून टाका” एवढंच स्पष्ट सांगा. आमच्याकडे त्याचा वेगळा शेरा होता. शिव्या दिल्याचा कुठलाच शेरा नव्हता.

फोंडा
सगळ्यांचे मनापासून आभार. साखळीच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. काल नोंद केली. लॅबमध्ये जाऊन ते ज्या ज्या नंबरांवरून फोन करतात ते विचारून घेतले. तीन निघाले. तिन्ही आईच्या नावाने सेव्ह केले, म्हणजे वाजला की पडद्यावर ‘आई’ दिसेल. गुरुवारी तिचं पुन्हा रक्त द्यायचं आहे.