भरदिवसा तारे पाहून मार्ग काढणे हा पैशांचा चुराडा आहे का?

दर्यावर्दी, माझगाव: ‘जीपीएस असताना दिवसा अवरक्त दुर्बिणीने तारे शोधणे हा पैशांचा चुराडा आहे,’ असे काल येथे लिहिले गेले, आणि उभा जन्म जहाजावर काढलेल्या मला ते वाचून गप्प बसवले नाही. जून 2017 मध्ये काळ्या समुद्रातल्या वीसेक जहाजांना जीपीएस आपण विमानतळावर असल्याचे दाखवत होते. उपग्रहाचा क्षीण संदेश दडपता येतो, खोटाही पाठवता येतो. रोहिणी किंवा ज्येष्ठा कोणाला दडपता येत नाही. तरंगलांबी वाढली की हवेत प्रकाशाचे विखुरणे तिच्या चौथ्या घाताने घटते, त्यामुळे 0.5 ऐवजी 1.6 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे अवरक्तात, पाहिले की आकाशाची झळाळी शंभरपटीने उतरते, आणि हे तांबूस तारे नेमके तिथेच ठळक दिसतात.

दादरकर: जूनमध्ये शिवाजी पार्कावर उभे राहून वर पाहा. 1.6 मायक्रॉनही दाट ढग भेदत नाही. शिवाय ताऱ्याची उंची, म्हणजे क्षितिजापासूनचा त्याचा कोन, मोजायला खरी लंबदिशा, म्हणजे ओळंब्याची सरळ खालची दिशा, लागते. तिच्यात एका आर्कसेकंदाची, म्हणजे अंशाच्या 3600व्या भागाची, चूक झाली तरी स्थान 31 मीटरने सरकते. हलत्या ट्रकवर हे कोण साधणार?

दर्यावर्दी: ट्रकचे नाव मी काढलेच नव्हते. सेक्स्टंटला, म्हणजे कोन मोजायच्या आमच्या आरशाच्या उपकरणाला, तारा आणि क्षितिज एकाच वेळी दिसावे लागतात, म्हणून आम्हाला संधिप्रकाशाची जेमतेम वीस मिनिटे मिळत. अरबी समुद्रात एका पावसाळ्यात तीन दिवस तीही मिळाली नाहीत. आरशावरचे खारे पाणी पुसून पुसून माझी बोटे चिरली होती. आजचे अधिकारी सेक्स्टंटची पेटी उघडतसुद्धा नाहीत.

डेक अधिकारी: हा आरोप मागे घ्या. सहा तासांची पाळी आणि वर कागदपत्रे सांभाळून मी दर आठवड्याला सूर्याची उंची घेतो. पेटीतल्या आरशाला बुरशी लागली होती. नवा मागितला, तर खर्च परवडत नाही असे उत्तर आले. दोष माणसांना देऊ नका.

दर्यावर्दी: तुमच्यापुरता आरोप मागे घेतो. त्या बुरशीचा मला खरोखर संताप येतो.

दादरकर: आरशाने ढग हटत नाहीत.

डेक अधिकारी: हटवावे लागतही नाहीत. विमानातली जडत्वीय यंत्रणा, म्हणजे स्वतःची हालचाल मोजून स्थान काढणारी यंत्रणा, एरवी तासाला साधारण एक सागरी मैल भरकटते. ढगांच्या फटीतून दोन तारे दिसले की साचलेली चूक दुरुस्त होते आणि पुढच्या फटीपर्यंत तीच यंत्रणा वाट दाखवते. अमेरिकेचे एसआर-71 हे टेहळणी विमान असेच दिवसाही ताऱ्यांवर चाले.

दादरकर: ते चोवीस किलोमीटर उंचीवर उडे, तिथे आकाश काळेच असते. तरीही जहाजापुरते आणि फटी मिळतील तेवढ्यापुरते मी मान्य करतो. ट्रकसाठी मुळीच नाही.

दर्यावर्दी: जहाजापुरतेच मी मागत होतो.