मदत हवी आहे: पुरात गेलेल्या जुन्या फ्रिजचा मटण-चिकनसाठी स्मोकर करायचा आहे (सांगली)

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

घरी १६५ लिटरचा, एका दाराचा, जुन्या बनावटीचा फ्रिज पडून आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा तो निम्म्याच्या वर बुडाला आणि कॉम्प्रेसर तेव्हाच गेला. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे, पण मला तो द्यायचा नाही. सांगाडा अजून दणकट आहे आणि त्याचा मांसाला धुरी द्यायचा स्मोकर करायचं मी मनावर घेतलं आहे. आमची आजी यात्रेनंतर उरलेलं मटण मीठ-हळद लावून चुलीवरच्या दोरीला टांगायची. त्या धुराची चव घरातल्या लहानांनाही कळावी असं मनापासून वाटतं. आता घरात चूल नाही, गच्चीवर मात्र चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड आहे.

मला गरम धुरी द्यायची आहे. म्हणजे पेटीत १०० ते ११० अंश सेल्सियस तापमान राहावं आणि मांस धुरातच पूर्ण शिजून निघावं. गार धुरीला तापमान ३० अंशांच्या खाली राखावं लागतं, ते आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतही शक्य नाही. शिवाय त्यात मांस कच्चंच राहतं, म्हणून तो विचार सोडला.

आता फ्रिजची अवस्था सांगतो. आतला पांढरा पत्रा लोखंडी आहे, वर एनॅमलचा थर. चुंबक लावून पाहिलं, सगळीकडे घट्ट चिकटतं. पण दाराच्या आतली, अंड्यांचे खळगे असलेली बाजू प्लास्टिकची आहे. आतला आणि बाहेरचा पत्रा जिथे मिळतो तिथे चौकटभर प्लास्टिकची पट्टी बसवलेली आहे. मागचा पत्रा खोलला तर आत ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचतंतूंचा कापूस) निघालं. वरचं पिवळं आणि कोरडं आहे. खालच्या भागात मात्र पुराचा गाळ बसून त्याच्या वड्या झाल्यात. बोटांनी दाबलं की माती भुरभुरते आणि इतक्या वर्षांनीही कुबट वास येतो. हे वाळवून चालेल की सगळंच काढायचं? काढलं तर त्या जागी काय भरायचं?

दुसरा प्रश्न आचेचा. ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो, तळाशी १५०० वॅटची कॉइल टाका, वर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे ठेवा, काम झालं. माझा कल बाहेर वेगळी भट्टी करून चार इंची पाइपने धूर आत सोडण्याकडे आहे. पण मग पाच-सहा तास आच एकसारखी राखायची कशी, हे उमगत नाही.

तिसरा प्रश्न लाकडाचा, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. तासगावकडच्या पाहुण्यांकडे द्राक्षबाग आहे. छाटणीच्या वाळलेल्या काड्या ते बांधावर जाळून टाकतात. युरोपात द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजतात असं वाचलं होतं, म्हणून हे आयतं सरपण वापरावं असं वाटलं. पण आपल्या बागांवरची फवारणी आठवली आणि थांबलो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलेल्या काडीचा धूर मुलांच्या ताटात जायला नको. कुणी बागायतदार असाल तर कृपया स्पष्ट सांगा.

आणखी एक. मागच्या पट्टीवर गॅस आर-१२ (थंड करणारा जुना वायू) असं वाचता येतं. नळी कापण्याआधी काय करायचं?

---

मिरजेचा पत्रेवाला

दादा, आतला पत्रा लोखंडी आहे हे फार बरं झालं. नंतरच्या फ्रिजांना आत प्लास्टिक आणि भिंतीत पीयू (पॉलियुरेथेन) फोम असतो. ते प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि फोम पेटला तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू निघतो. तसा फ्रिज असता तर मी तुम्हाला साफ नको म्हटलं असतं.

ग्लासवूल सगळं काढा. गाळ बसलेलं वाळवलं तरी ते भिंतीत दबून राहतं, उष्णता नीट अडवत नाही, आणि पेटी तापली की तो कुबट वास मांसाला लागेल. काढताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर रात्रभर अंग खाजत बसाल. त्या जागी रॉकवूलचे (खडकापासून केलेल्या तंतूंचे) स्लॅब भरा. साखर कारखान्यांच्या वाफेच्या नळ्यांवर लावतात तेच. शंभर-सव्वाशे अंश त्याला काहीच नाहीत. मात्र आतला एकही सांधा उघडा ठेवू नका, तंतू मांसावर पडता कामा नयेत.

दाराची आतली बाजू आणि चौकटीची पट्टी, दोन्ही प्लास्टिक उखडून टाका. दाराला आतून एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) पत्रा पॉप रिवेटने बसवा. रबराच्या जागी भट्टीच्या दाराला लावतात ती काचतंतूची दोरी लावा. चौकटीला पत्र्याची पट्टी वळवून द्यावी लागेल. हे काम बारीक आहे, घाई करणाऱ्याकडे देऊ नका. जुन्या जाळ्याही वापरू नका. त्या काळच्या काही जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असायचा आणि तो विषारी आहे. एसएसचे गज वेल्ड करून नवीन जाळ्या करा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा किंवा जीआय पाइप आचेजवळ कुठेच नको, जस्त तापलं की त्याचा धूर बाधतो.

आर-१२ ओझोनच्या थराला मारक आहे. गॅस परत भरून घ्यायचं यंत्र असलेला मेकॅनिक शोधा, सिलिंडरमध्ये काढून घ्या आणि मगच नळी कापा. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: नव्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो ज्वलनशील आहे. तिथे ग्राइंडर लावायचा विचारही करू नका.

आचेसाठी मी कॉइलच्या बाजूने आहे. बाहेर थर्मोस्टॅट ठेवला की तापमान धरून राहतं. मात्र कॉइलवर तिरका जाड पत्रा हवाच. चरबीचा थेंब थेट कॉइलवर पडला तर आतमध्ये भडका उडतो. आतली वायर काचतंतूच्या आवरणाची घ्या, बॉडीला अर्थिंग द्या, लाइनवर आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. हवेसाठी तळाशी झाकता येतील अशी भोकं आणि वर तीन इंची धुराडं, त्याला उघडझाप करता येईल अशी झडप. धूर कोंडला की काजळी धरते आणि मांस कडू होतं. बारीक निळसर धूर दिसला की समजा बरोबर चाललंय.

एक कळकळीने सांगतो. तुमच्या फ्रिजला जुना खटक्याचा हँडल असेल तर तो आजच काढा. ते दार आतून उघडत नाही आणि लपाछपीत मूल आत शिरलं तर जीव जातो. काम चालू असेपर्यंत दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवा.

---

तासगावची बागायतदार

दादा, काड्या वापरू नका. तुमची शंका अगदी रास्त आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे फुटायला काडीवर हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचा लेप लावतात. पुढे डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या असतात. एप्रिलच्या खरड छाटणीत जी काडी निघते ती या सगळ्यातून गेलेली असते. बोर्डोमधलं तांबं काही उन्हात उडून जात नाही, सालीवर बसून राहतं. युरोपातला दाखला आपल्या काडीला लावता येणार नाही. बाग काढताना जुनी खोडं निघतात, पण साल तासली तरी घरच्या लेकरांसाठी मी ती वापरणार नाही.

त्यापेक्षा आंबा, पेरू, चिकू, बाभूळ घ्या, तेही न फवारलेल्या झाडाचं. बांधावरची बाभूळ सगळ्यात निर्धास्त. तिचा धूर जरा उग्र असतो, म्हणून चिकनला आंबा आणि बोकडाला बाभूळ असं करून बघा. फांद्या वर्षभर सुकलेल्या हव्यात. कडुनिंब नको, निलगिरी नको. वखारीतला भुसाही नको, त्यात प्लायवूडचा चुरा कधी आला ते कळत नाही.

---

रविवारचा स्वयंपाकी

पेटी तयार झाली की मांसाचं तापमान मोजायचा काटा घ्या, रंगावर जाऊ नका. धुराने चिकन बाहेरून तांबूस दिसतं आणि हाडाजवळ कच्चं राहू शकतं. जाड भागात सुई घालून ७४ अंश भरले की काढा. बोकडाची रान (मांडी) ६३ ला खायला सुरक्षित होते, पण तेवढ्यावर चिवट लागेल. ९० च्या पुढे नेली तर हाडावरून सुटते.

मिठाच्या पाण्यात मुरवायचं ते चालू फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही. मुरल्यावर पुसून, उघडंच तासभर पुन्हा त्या फ्रिजमध्ये ठेवा. वरचा भाग कोरडा आणि किंचित चिकट झाला की धूर छान धरतो, ओल्या मांसावर नुसती काजळी बसते. आणि आजीचं मटण टिकायचं ते खडखडीत वाळवल्यामुळे. हे तसं टिकणार नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फार तर.

---

कृष्णाकाठचा

तिघांचेही मनापासून आभार. ताई, काड्यांचा विषय संपला, पाहुण्यांच्या बांधावरची बाभूळ मागून घेतो. हँडल संध्याकाळीच काढला, दार आतल्या खोलीत नेऊन ठेवलंय. ग्लासवूल उपसायला रविवारी बसतोय.

पत्रेवाले दादा, एवढंच सांगा: खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतून गंजलाय, बोटाएवढी दोन भोकं पडलीत. तिथे आतून पॅच वेल्ड करायचा की तळाचा पत्राच बदलायचा? वेल्डिंगच्या आचेने शेजारचं एनॅमल तडकून त्याचे कपचे मांसावर पडतील अशी भीती वाटते.