नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, वेळ किती? (अनुभव धागा)

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही, म्हणून ‘किती तास लागतात’ याला एकच उत्तरही नाही. ज्यांचं जाणं-येणं असतं त्यांनी नेमकं लिहा: अंतर, थांबे, कुठे अडतं. ‘प्रवास छान झाला’ एवढंच नको, राजेहो.

झिरोमाईल:
सरळ अंतर सुमारे १३,१०० किमी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणा. तो नेपाळ, तिबेट, पश्चिम मंगोलिया, सैबेरिया करत वर चढतो आणि अलास्कावरून खाली येतो. ताशी ९०० किमीने भागलं की साडेचौदा तास. पण या वाटेनं कोणी नेत नाही. तिबेटवर केबिनमधला दाब गेला तर विमानाला १०,००० फुटांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच! वरून २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानचं. मग वळसे आलेच.

धंतोलीकर:
वेळ खरी खातो तो मधला थांबा. नागपूर-दिल्ली सुमारे ८५५ किमी, मुंबई ६८०. दोन्हीकडे दीड-पावणेदोन तास. देशांतर्गत अन् पुढचं आंतरराष्ट्रीय, दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी घेतली तर देशांतर्गत साधारण १५ किलोचीच मुभा, त्यामुळे २३ किलोच्या दोन बॅगांचे जादा पैसे नागपूरच्या काउंटरवरच भरावे लागतात. पुढे बॅगा उचला, टर्मिनल बदला, पुन्हा चेक-इन करा. मुंबईत टी-१ ला उतरून टी-२ ला जायचं म्हणजे रस्त्यावरचा ट्रॅफिक आला. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं सुटलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. पाच तास तरी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यापायी आदल्या रात्रीच पोचलेलं बरं.

रामदासपेठी:
तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, सरळ वजाबाकी करू नका. शनिवारी रात्री ८ ला निघून रविवारी दुपारी दीडला उतरलात, तर दिसतात साडेसतरा तास. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेबारा तास मागे, म्हणून खरे तास ३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेतेरा होतो, तेव्हा याच वेळांचे ३१.

झिरोमाईल:
@रामदासपेठी, बरोबर. अन् युरोपमार्गे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, परतीला पाठीशी. दिल्ली-लंडन टप्प्यातच जवळपास तासाचा फरक पडतो.

सदरवाला:
अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, मग बॅग उचलून कस्टम्स, मग पुन्हा बॅग देणं. शिकागो किंवा नेवार्कमार्गे असाल तर तीन तास धरा. अबुधाबीमार्गे अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. आणि ताजी संत्री नेऊ नका बावा, काढून घेतात. लपवली तर दंड वेगळा.