टिमगडचा नकाशा: शाळेच्या प्रतिकृतीसाठी

प्रश्न (अमळनेर): इतिहास प्रदर्शनात अल्जीरियातलं रोमन टिमगड मांडायचंय. ३ × ३ फुटी प्लायवर कोणतं प्रमाण घ्यावं?

उत्तर १ (जळगाव): भाऊ, १:५०० घ्या. मूळ चौकोनाची बाजू सुमारे ३५५ मीटर, म्हणजे ७१ सेंमी. घरांचे ठोकळे साधारण २० मीटरचे, म्हणून ४ सेंमी. पश्चिमेची कमान १२ मीटर उंच, ती २.४ सेंमी. सगळे हमखास चुकतात ते उत्तरेच्या रस्त्यात: तो आरपार न्यायचा नाही, शहराच्या मधल्या सार्वजनिक चौकाशी (फोरम) थांबवायचा. कॅपिटोल मंदिरही चौकोनाबाहेर, नैऋत्येला. तिकडे नंतरची वस्ती वाढली, तिथले रस्ते तिरके ठेवा.

उत्तर २ (शहादा): आराखडा एवढा सरळ का, तेही फलकावर लिहा. रोमन सम्राट ट्राजानने इ.स. १०० च्या सुमारास निवृत्त सैनिकांसाठी ते कोऱ्या जमिनीवर वसवलं. आपलं प्रकाशे तापीकाठी थरावर थर चढत वाढलं. नाट्यगृहाचे दगड मात्र ५३९ नंतर बायझंटाइन (पूर्व रोमन) किल्ल्यासाठी उचलले गेले. आज जे नाट्यगृह दिसतं त्यात बरीच डागडुजी आहे. पुढे वाळूने शहर झाकलं, म्हणूनच फरसबंदीवरच्या गाड्यांच्या चाकोऱ्याही टिकल्या. त्या खिळ्याने कोरा, सुरेख दिसतील.